नऊ नंबरची मशीन

सुरतेत कुणाला माझं काम सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तुम्ही वायरमन?" वायरमन मी होतो, अठरा वर्षं. त्यानंतर जे केलं त्याला धड नाव नाही. कारखान्यात विजेवर चालणारी जी जी वस्तू माणसाच्या हाताखाली येते, शिलाई मशीन, इस्त्री, ड्रिल, पाण्याचा कूलर, ऑफिसातली चहाची किटली, ती हात लावायला सुरक्षित आहे की नाही हे मी तपासायचो आणि कागदावर लिहून द्यायचो. दुरुस्ती करायचो नाही, माल विकायचो नाही. वस्तू पास झाली तर तिच्यावर हिरवी चिठ्ठी, तारीख आणि माझी सही. नापास झाली तर लाल.

आमच्या खानदेशी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "भास्करभाऊ, कामातले दोन-चार मजेशीर किस्से लिहा." तसे आहेत. एका शेठने मला धनत्रयोदशीला बोलावलं. माझ्या मीटरला कुंकू लावलं, फूल वाहिलं, पेढा हातावर ठेवला. मी मशिनीकडे वळलो तर म्हणाला, "आजे नहीं, भाई. पूजा थई गई, हवे मशीनने हाथ नहीं लगाडवानो." पूजा झाली, आता मशीनला हात लावायचा नाही. त्यानंतर त्याने मला कधीच बोलावलं नाही. दुसऱ्या एका साडीच्या छपाईखात्यात तीन कूलर होते आणि सगळे कामगार एकाच कूलरवर गर्दी करायचे. का, तर त्याच्या पाण्यात ताकद आहे, पिताच अंगात झिणझिणी येते. त्या कूलरच्या नळावर वीज उतरलेली होती. मी लाल चिठ्ठी लावली तेव्हा शेठपेक्षा कामगारच जास्त नाराज झाले.

हे किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पण लिहायला बसलो तर हात त्यांच्याकडे वळेना. तो वारंवार एकाच गोष्टीकडे जातो. म्हणून ती सांगतो.

आधी हे काम मी कसा शिकलो ते सांगायला हवं.

शिरपूरजवळच्या खेड्यातून मी मामांच्या मागे सुरतेला आलो. ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, मी त्याच लूमखात्यात वायरमन झालो. झटपट कामासाठी माझं नाव होतं. नवीन मोटर आली की तिच्या प्लगला तीन पिना असायच्या आणि खात्यातल्या जुन्या बोर्डांना भोकं दोनच. मी पक्कडीने वरची जाड पिन मोडून टाकायचो. मोटर चालू, शेठ खूश. मोडलेल्या पिना पितळेच्या, म्हणून एका डब्यात जमवायचो. भंगारात पितळेला भाव चांगला.

ईश्वरकाका आमच्या खात्यात तपासणीला आले तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. हजीऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पक्के सुरती, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. विम्यासाठी शेठने त्यांना बोलावलं होतं. त्यांनी माझा डबा पाहिला, उचलला आणि टेबलावर पालथा केला.

"आ कोणे कर्युं?"

"मी केलं," मी सांगितलं. खरं म्हणजे थोड्या अभिमानानेच.

त्यांनी एक पिन चिमटीत धरली. माझं गुजराती कच्चं आहे असं वाटून हिंदीत बोलले, "भाई, ये पिन मशीन के लिए है ही नहीं. मशीन इसके बिना भी चलेगी. ये उसके लिए है जो मशीन को हाथ लगाएगा."

मग त्यांनी पिशवीतून एक दिवा काढला. त्याची एक वायर खात्याच्या चांगल्या अर्थिंगला लावली आणि दुसरी लूमच्या लोखंडी अंगाला टेकवली. दिवा पिवळट पेटला. म्हणजे मोटरमधली वीज गळून लूमच्या अंगावर आली होती आणि तिला जमिनीत जायला वाट नव्हती. ती वाट म्हणजे तिसऱ्या पिनची हिरवी वायर. वाट नसली की वीज थांबून राहते आणि पहिला जो ओल्या पायाने हात लावेल त्याच्यातून जाते. त्या लूमवर त्या वेळी माझे मामा उभे होते. गोणपाटाचं चवाळं पायाखाली घेऊन उभे होते, कारण त्याशिवाय चटका बसतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी काकांच्या घरी गेलो आणि शिकवा म्हणालो.

पहिला महिनाभर त्यांनी मला मीटरला हात लावू दिला नाही. "पहेलां जोवानुं, पछी मापवानुं," आधी बघायचं, मग मापायचं, हे त्यांचं पालुपद. ते घरातलीच एखादी वस्तू समोर ठेवायचे, मिक्सर, टेबलफॅन, आणि अर्धा तास नुसतं बघायला लावायचे. वायरीचं वरचं आवरण कुठं चिरलंय, टेप कुठं गुंडाळलीय आणि टेपखाली काय असेल, वायर प्लगमध्ये घट्ट धरलीय की ओढली तर सुटेल, जळका वास येतो का, मोटरच्या जाळीत कापसाचा भुगा आणि तेल मिळून लगदा झालाय का. सुरतेच्या दमट हवेत हा लगदा वीज वाहून नेतो. बहुतेक दोष डोळ्यांनाच दिसतात, फक्त बघायला कुणाला वेळ नसतो.

मग मापणं. तिसऱ्या पिनपासून मशिनीच्या अंगापर्यंत वाट सलग आहे का, हे एक. दुसरं मेगर. पाण्याच्या पाइपात जादा दाब सोडून कुठं पाझरतंय ते बघतात, तसं मेगर वायरीत जादा दाब सोडतो आणि आवरण कुठं हरलंय ते आकड्यात सांगतो. तिसरं, गळती झाली की आपोआप वीज तोडणारा ब्रेकर खरंच तोडतो का. आणि एक गोष्ट त्यांनी आकड्यांशिवाय शिकवली. शंका असलेल्या मशिनीला चुकून स्पर्श व्हायचाच असेल तर तो उलट्या हाताचा असू द्यावा. तळहात लागला तर वीज मूठ आवळते आणि माणूस सोडवू म्हणाला तरी सोडवू शकत नाही.

शेवटी फॉर्म. त्यात सगळ्यात उजवीकडचा रकाना कार्यवाहीचा. नापास मशिनीपुढे तिथं लिहायचं, "वापरातून काढावी." ते लिहिलं की आपलं काम संपलं, पुढे भांडत बसायचं नाही, असं काका म्हणायचे. चार वर्षांनी त्यांची दृष्टी गेली तेव्हा त्यांनी आपली पिशवी मला दिली. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शिकवण्यात चूक कुठंच नव्हती. फक्त त्या रकान्याच्या पुढे काय होतं ते त्यांनी मला शिकवलं नाही. बहुधा त्यांनाही ते माहीत नसावं.

माझी धाकटी बहीण लता डिंडोलीत राहते. तिच्या नवऱ्याचं लूमचं काम कमी झालं तेव्हा ती पर्वत पाटियाजवळच्या एका हॉलमध्ये लागली. साड्यांना लेसपट्टी शिवायचं काम, बावीस मशिनी, बावीस बाया, बहुतेक आपल्याकडच्याच. एका भाऊबीजेला ओवाळता ओवाळता ती हसत म्हणाली, "भाऊ, आमन्या मशिनीस्ना आंगवर मुंग्या शेतस." मशिनीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, असं. मी ओवाळणी टाकली आणि म्हणालो, पायात चप्पल ठेवत जा.

वर्षभरात त्याच हॉलच्या शेठचा मला फोन आला. त्याला एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळत होती आणि कंपनीला सगळ्या मशिनींचं सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं होतं. लताला विचारलं तर ती म्हणाली, "ये ना. पण माझा भाऊ आहेस हे तिथं सांगू नको."

मी गेलो. लांबट हॉल, एका बाजूला साड्या धुवायची मोरी, त्यामुळे फरशी कायम ओलसर. लोखंडी स्टँडवर मशिनी, खाली जुन्या मोटरी, आणि पंचवीस वर्षांपूर्वी मी जशा मोडायचो तशाच मोडलेल्या पिना. बायांनी आपापला बंदोबस्त केलेला होता. कुणी पायाखाली पुठ्ठा घेतला होता, कुणी लाकडी पाट. स्टँडला गुडघा लागू नये म्हणून साडीचा बोळा बांधला होता. नवीन आलेल्या बाईला जुन्या बाया पहिल्या दिवशी दोरा ओवायच्या आधी हे शिकवायच्या.

एकेक मशीन तपासत गेलो. दहा कशाबशा पास होण्याजोग्या होत्या. बारा नापास, लताची चार नंबरचीसुद्धा. त्यातही नऊ नंबरची सगळ्यात वाईट. दिव्याची वायर तिच्या अंगाला टेकवली तर लख्ख उजेड पडला आणि मेगरचा काटा शून्यावरून हललाच नाही. मोटरच्या आतलं आवरण पार संपलेलं होतं.

नऊ नंबरवर सिंधू बसायची. लताची मैत्रीण, पारोळ्याकडची, पस्तीस-छत्तीसची, कामाला सगळ्यात चपळ. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. मी लताचा भाऊ हे तिला ठाऊक होतं.

"भाऊ, लाल लावू नका," ती म्हणाली.

"वहिनी, दिवा पाहिला ना तुम्ही?"

"पाहिला. तीन वर्षं बसते मी हिच्यावर. पाट आहे, चप्पल आहे. मला काय झालं?"

"पाट एक दिवस घसरतो."

"घसरेल तेव्हा घसरेल. तुम्ही लाल लावली तर उद्या सकाळी काय होईल ते सांगा. शेठ नवीन मशीन आणेल? की मला घरी बसवेल?"

"कायद्याने आणावी लागेल," मी म्हणालो.

तिने डब्याचं झाकण लावलं. मग डबा धुवायला मोरीकडे गेली.

मी लाल चिठ्ठ्या लावल्या. बारा. प्रत्येकीवर नंबर, तारीख, सही. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता हे कबूल करायला हवं. बहिणीच्या पोटावर येत असतानाही आपण खोटं लिहिलं नाही, असं काहीतरी मनात घोळत होतं. शेठसुद्धा चिडला नाही. "तमे तमारुं काम कर्युं," तुम्ही तुमचं काम केलं, एवढंच बोलला.

तीन आठवड्यांनी त्याने परत बोलावलं. हॉल ओळखू येईना. भिंती रंगवलेल्या, मोरी बंद केलेली, नवीन वायरिंग, प्रत्येक सॉकेटला तीन भोकं आणि मागे खरी हिरवी वायर, दारापाशी नवा ब्रेकर. मशिनी दहाच. मी बटण दाबून पाहिलं, ब्रेकर खटकन पडला. दहाही मशिनी पास. मी प्रमाणपत्रावर सही केली. आजवर सही केलेल्या कागदांमध्ये त्याहून खरा कागद नसेल. हॉलच्या अर्ध्या भागात फरशीवर बारा स्टँडच्या पायांचे गंजलेले डाग होते. मी चहा घेतला आणि निघालो. त्या बारा मशिनी कुठं गेल्या हे मी विचारलं नाही. "वापरातून काढावी" असं मीच लिहिलं होतं, आणि त्या काढल्या होत्या.

पुढच्या रविवारी लताकडे गेलो. दारातूनच शिलाईचा आवाज आला. खिडकीशी स्टँड, स्टँडवर मशीन, शेजारी साड्यांचा ढीग. लता उठली, तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आनंद होता.

"बठ भाऊ, च्या टाकस. दखं का? शेठनी मशीनच दी टाकी. आते माले कोठेच जानं नही. माल घर येस, घरथीन जास." आता कुठंच जायला नको, माल घरी येतो आणि घरूनच जातो, असं.

"कुणाकुणाला दिल्या?"

"बाराजणींले. तू लाल चिठ्ठी लावी म्हनीसन तं मशीन मना घर उनी." मी लाल चिठ्ठी लावली म्हणूनच मशीन तिच्या घरी आली होती.

मी खाली वाकून पाहिलं. स्टँडच्या आतल्या बाजूला लाल कागदाचा खरवडलेला तुकडा राहिला होता. त्यावर माझ्या अक्षरातला चार दिसत होता.

हॉलमध्ये निदान मला बोलावणारं कुणी होतं. घरात कोण बोलावतो? कारखान्याला कंपनी विचारते, विमा विचारतो, कधीमधी सरकार विचारतं. दहा बाय बाराच्या खोलीत येऊन मशीन दाखवा म्हणणारं कुणी नाही. ती खोली म्हणजे घर आणि मशीन म्हणजे घरातली वस्तू. मी लताच्या भिंतीतलं सॉकेट उघडलं. तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकाच्या मागे नुसती वीट. सगळ्या चाळीत एकाही खोलीला अर्थिंग नव्हतं. घरमालकाने दाखवायला म्हणून तीन भोकांचे बोर्ड बसवले होते.

त्या दिवशी मी मशीन बंद करून आलो. दुसऱ्या दिवशी मोटर नेली, तिच्या आतली तार नव्याने गुंडाळून आणली, चाळीच्या मागच्या बाजूला खड्डा खणून पाइप पुरला, कोळसा-मीठ भरलं आणि लताच्या खोलीपर्यंत हिरवी वायर ओढली. तीन दिवस मशीन बंद राहिली म्हणून ती माझ्याशी नीट बोलली नाही. पण ती मशीन नंतर पास झाली.

राहिल्या अकरा. माझ्या कागदावर त्यांचे नंबर होते, पत्ते नव्हते. शेठला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "भाई, मशीन एमनी थई गई. हवे मारे शुं?" त्यांच्या झाल्या त्या, आता माझं काय? लताला पाचजणींची घरं माहीत होती. रविवार रविवार करून मी गेलो. तिघींनी काम करू दिलं. एकीने दारातूनच सांगितलं, "नको भाऊ, तुम्ही आलात की काम बंद पडतं." पाचवी घर बदलून गेली होती.

सिंधूनेही घर बदललं होतं, पण लताकडे तिचा फोन नंबर होता. मी फोन केला.

"वहिनी, नऊ नंबर तुमच्याकडेच आहे ना?"

"हो भाऊ. चांगली चालते."

"तिची मोटर बदलायला लागेल. मी येतो."

"या ना. पण लगेच नको, दिवाळीचा माल आहे. पुढच्या रविवारी या."

पुढचे दोन आठवडे मला चलथाणकडच्या एका साखर कारखान्याचं काम मिळालेलं होतं. हंगाम सुरू होण्याआधी सगळी हातयंत्रं तपासून द्यायची, मोठं काम, मानाचं काम, आणि तिथला इंजिनिअर मला 'साहेब' म्हणायचा. मी सिंधूला म्हणालो, "मग त्याच्या पुढच्या रविवारी येतो. तोवर पाट आणि चप्पल सोडू नका. फरशी ओली असली तर मशीन सुरू करू नका. अनवाणी हात लावू नका."

"तेवढं माले समजस, भाऊ," ती हसली.

सिंधूने सांगितलेला रविवार उलटून गेला होता. मी कारखान्यातच होतो, जेवून उठलो होतो, तेव्हा लताचा फोन आला. ती 'भाऊ' एवढंच म्हणाली. शेजारणीने फोन घेतला आणि सांगितलं.

सिंधूने सकाळी खोली धुतली होती. दिवाळी आली म्हणून पाटही घासून भिंतीला उभा करून वाळत ठेवला होता. खोली आवरून झाली, माल न्यायला टेंपो येणार म्हणून ती घाईने बसली. चप्पल दाराबाहेर होती. पोरगी शाळेतून आली तेव्हा मशीनची मोटर नुसतीच घुमत होती.

मी दुसऱ्या दिवशी पोलिस चौकीत गेलो, तपासणीचा अहवाल घेऊन. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, मशीन क्रमांक नऊ, नापास, अंगावर वीज, धोका. मला वाटलं, हा कागद बोलेल. शेठचा वकील तिथंच होता. त्याने कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि माझ्यापुढे ठेवून शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं.

"हे तुमचंच अक्षर ना? वापरातून काढावी. आमच्या शेठनी काढली. तुमच्या सांगण्यावरूनच काढली. भंगारात टाकलेली मशीन त्या बाई घेऊन गेल्या, त्याला शेठ काय करणार?"

"भंगारात टाकली नव्हती, बायांना वाटली," मी म्हणालो. "बाराजणींना."

"कोण सांगेल तसं?"

मी लताकडे गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. मशीन बंद होती. मी म्हणालो, "लता, चौकीत येऊन एवढंच सांग की शेठने दिली. तू सांगितलंस तर बाकीच्या सांगतील."

तिने शेजारचा साड्यांचा ढीग सारखा केला. मग म्हणाली, "मी बोलनू तं माल बंद व्हई. आकरा घरना माल बंद व्हई."

"सिंधू तुझी मैत्रीण होती."

"व्हती," ती म्हणाली. "तूच सांग, भाऊ. तू एकदाव आम्हनं काम बंद करेल शे. आते मी करू का?"

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तिने ऐकून घेतलं. मी निघालो तेव्हा गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिची मशीन सुरू झालेली ऐकू आली. सिंधूच्या मृत्यूची नोंद घरगुती अपघात म्हणून झाली. घरात झाला होता आणि अपघात होता, तेव्हा नोंद चुकीची म्हणता येत नाही.

त्यानंतर मी कामाची एक पद्धत बदलली. मशीन नापास झाली की लाल चिठ्ठी लावण्याआधी कटरने तिची वायर मुळाशी कापायची आणि मोटरच्या आतली गुंडाळीही तोडायची, म्हणजे ती कुठेही गेली तरी तशीच्या तशी चालू होणार नाही. पहिल्या शेठने माझ्या पिशवीसकट मला बाहेर काढलं. दुसऱ्याने पोलिसांना बोलावलं आणि मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून लिहून घेतलं. त्याचंही बरोबरच होतं, तपासनीसाला वस्तू तोडायचा अधिकार नाही. पर्वत पाटियापासून उधन्यापर्यंत दीड वर्षात सगळीकडे झालं की भास्करभाई मशीन कापतो, त्याला बोलावू नका. हिरव्या चिठ्ठ्यांचं आख्खं पाकीट घेऊन फिरणारी, मशीनकडे न बघता चिठ्ठी लावणारी माणसं मिळतातच. गेल्या वर्षी मी काम बंद केलं. बंद केलं म्हणतो, खरं म्हणजे कुणी बोलावेनासं झालं.

एका संस्थेत तरुण मुलामुलींना हे काम शिकवायला गेलो होतो काही दिवस. हुशार होती. नापास मशिनीचं काय करायचं असं विचारलं की सगळे एकसुरात उत्तर द्यायचे, वापरातून काढायची. पुस्तकात तेच आहे. मी पुढे काय सांगावं ते मला सुचायचं नाही. तेही सोडलं.

पण हे सगळं नंतरचं. मधलं एक सांगायचं राहिलं.

सिंधूच्या दहाव्याला, तेराव्याला मी गेलो नाही. हिंमत झाली नाही. दीड महिन्याने गेलो. तिचा नवरा युवराज दारात बसला होता. तो लूमवर दिवसपाळी करायचा, त्या दिवशी सुट्टी होती. मला ओळखलं. आत बोलावलं, पाणी दिलं. पोरगी पारोळ्याला आजीकडे पाठवली होती. खोलीत खिडकीशी जिथं मशीन असणार तिथं आता पाण्याचं पिंप होतं.

मी पाणी प्यायलो. मग त्याने सरळ विचारलं, "तुम्हले माहीत व्हतं ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

"तिले माहीत व्हतं?"

"मी सांगितलं होतं. आणि तिने बोलावलेला रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी येतो म्हणालो होतो."

त्याने मान हलवली. राग नव्हता. राग असता तर मला तिथं बसायला सोपं गेलं असतं. मी पिशवी बरोबर आणली होती, मशीन तिथंच उघडून मोटर तोडून टाकायची असं ठरवून गेलो होतो. मी विचारलं, "मशीन कुठं आहे?"

"दी टाकी."

"कुणाला?"

"एक बाई उनी व्हती. उधनाकडनी. पोटासाठी मशीन शोधी ऱ्हायनी व्हती. नाव नही इचारं मी."

"तिला सांगितलं नाही?"

"सांगं ना," तो म्हणाला. "हिनामा करंट शे, मनी बाई हिनावरच गई, असं समदं सांगं." हिच्यात करंट आहे, माझी बायको हिच्यावरच गेली, हे सगळं त्याने तिला सांगितलं होतं.

"मग?"

"ती बोलनी, करंट कोन्ती मशीनमा नही ऱ्हास?"

त्याच दिवशी मी तिथून उधन्याला गेलो. गल्ली माहीत नव्हती, नाव माहीत नव्हतं, फक्त नंबर माहीत होता. पहिल्या गल्लीपासून सुरुवात केली. एकेका दारात उभा राहून विचारत होतो, जुनी मशीन घेतलीय का कुणी, दीड महिन्यात? बाया मान वर न करता नाही म्हणायच्या. दुपारची वेळ होती, आणि मी ज्या ज्या दारापुढे थांबलो त्या प्रत्येक दारातून शिलाईचा आवाज येत होता.